नॅनो शिकून पोरगी करणार काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, काटछाट करायची तर करा, पण मधला हिशोब तेवढा कापू नका ही विनंती.

विषय निघाला तो घरातूनच. माझ्या धाकट्या भावाची मुलगी बारावी झाली, मार्क चांगले आहेत, आणि तिच्या डोक्यात बसलंय की नॅनोसायन्स, म्हणजे अतिबारीक कणांचं शास्त्र, करायचं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात तो कोर्स आहे. घरात सगळ्यांचे चेहरे असे झाले जणू पोरीनं सर्कशीत जायचं म्हटलंय. भाऊ म्हणतो नर्सिंग कर, डी.फार्म. कर, निदान बी.एड. तरी कर, हे नॅनो शिकून करणार काय, ती नॅनो गाडीसुद्धा बंद पडली. मी ज्युनिअर कॉलेजला तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, आता रिटायर होऊन ऊस आणि थोडी द्राक्षं बघतो, त्यामुळं प्रकरण निकालासाठी माझ्याकडं आलं. मी म्हणलं दोन दिवस थांबा. आणि त्या दोन दिवसांतच मला युरिया आणायला जावं लागलं.

चार गोण्या पाहिजे होत्या. दुकानदार म्हणाला देतो की, पण दोन गोण्यांमागं एक नॅनो युरियाची बाटली घ्यावी लागेल. म्हणलं मला नकोय. तर म्हणाला सर, तुम्हाला नकोय, मलाही नकोय, पण गाडीबरोबर वरूनच तसं आलंय, मी काय करू. शेतकऱ्यांना हे नवीन नाही, याला लिंकिंग म्हणतात, कृषी खातं दर हंगामात लिंकिंग केलं तर कारवाई करू म्हणतं आणि दर हंगामात लिंकिंग होतं. दुकानाचं नाव घेत नाही, बाटली कुठल्या कंपनीची तेही सांगत नाही, आता नॅनो बाटल्या बऱ्याच जणांच्या आहेत आणि दुकानदार काय, तोही अडकलेलाच. दोन बाटल्या घेऊन आलो. नॅनो युरिया म्हणजे अतिबारीक कणांचा पातळ युरिया, पानावर फवारायचा. बाटलीवर हिरवंगार पान, आणि पर्यावरणाला पूरक असं लिहिलेलं.

घरी आल्यावर बाटली टेबलावर ठेवली आणि पोरीला म्हणलं बस, कोर्स करायचाय ना, मग हा पहिला पेपर. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे झालं २० किलो ७०० ग्रॅम. आता बाटली. अर्धा लिटर, आणि नॅनो युरिया २०२१ साली बाजारात आला तेव्हा त्यात नत्र होतं ४ टक्के. म्हणजे किती? तिनं तोंडी केलं, मग कागदावर केलं, मग मोबाईल काढला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, आण्णा किलो आणि ग्रॅममध्ये माझा घोळ होतोय का? घोळ नाही बाळ, उत्तर २० ग्रॅमच आहे. गोणीत वीस किलो, बाटलीत वीस ग्रॅम, हजारपटीचा फरक, आणि जाहिरात अशी की गोणीचं काम बाटली करते.

आता यावर बाटलीवाल्यांचं म्हणणं असं की गोणीतलं बरंचसं वाया जातं, काही हवेत उडतं काही पाण्याबरोबर खाली जातं, आणि हे अगदी खरं आहे, त्यात वादच नाही. आपण त्यांच्या बाजूनं जास्तीत जास्त धरू, गोणीतलं तीन भागातलं दोन भाग वाया गेलं समजा. तरी पिकाच्या पोटात सात किलो नत्र गेलं. आणि बाटलीतला थेंब न थेंब पानातून आत गेला असं धरलं तरी ते वीस ग्रॅमच. नंतर नत्र वाढवलेल्या बाटल्याही आल्या, वीस टक्के धरा, मग शंभर ग्रॅम. क्विंटलभर गव्हाच्या दाण्यात साधारण दोन किलो नत्र असतं (प्रोटीन म्हणजे शेवटी नत्रच की), म्हणजे वीस ग्रॅम नत्रात किती गहू तयार होईल तर एक किलो. आमच्या घरात दोन वेळच्या चपात्या होतील.

अजून एक गंमत. पानावर युरिया फवारणं ही काय नवीन गोष्ट नाही, हरभऱ्याला फुलोऱ्यात दोन टक्के युरिया मारा हे आमच्या वडिलांच्या काळापासून सांगतात. दोनशे लिटर पाण्यात चार किलो युरिया, त्यात नत्र पावणेदोन किलोच्या वर, खर्च आजच्या २६६ रुपये ५० पैशाच्या गोणीच्या भावानं चोवीस रुपयांच्या आसपास. बाटली सव्वादोनशेची. आणि युरिया पाण्यात विरघळतो हो, मिठासारखा, आणि विरघळला की त्याचा एक एक रेणू सुटा होतो, तो रेणू एक नॅनोमीटरपेक्षाही (मिलीमीटरचा दहा लाखावा भाग) लहान असतो, म्हणजे साध्या युरियाच्या पाण्यात नॅनोपेक्षा बारीक माल आधीच आहे. मग बाटलीत कण म्हणून जे काय आहे ते पाण्यात न विरघळता टिकतं कसं, त्याच्याभोवती कशाचं आवरण आहे, ते आवरण पुढं पानात, मातीत, पाटाच्या पाण्यात कुठं जातं? हे प्रश्न पोरीनंच विचारले, मी नाही. मला तिथंच वाटलं की हिला पाठवावं.

उसाचं तर वेगळंच. आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी जवळजवळ आठ गोण्या युरिया, त्यातल्या अर्ध्या जरी बाटलीवर आणायच्या म्हटल्या तर डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप पाठीला लावून कोण शिरणार. ड्रोन आहे म्हणतात. असू दे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर एकतर्फी बोलतात. इफको या खतांच्या मोठ्या सहकारी संस्थेनं हा नॅनो युरिया आणला, २०१९ च्या शेवटी शेतावरच्या चाचण्या सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात त्याचं नाव आलंसुद्धा. त्यांचं म्हणणं देशभर ९४ पिकांवर ११ हजार शेतकऱ्यांच्या शेतात चाचण्या झाल्या आणि सरासरी ८ टक्के उत्पादन वाढलं. त्यांचा उद्देश मला चुकीचा वाटत नाही, युरियाचा वापर कमी व्हायलाच पाहिजे, आमच्या भागातल्या विहिरीच्या पाण्याचे नायट्रेटचे रिपोर्ट काढून बघा, आणि शेतातून जो नायट्रस ऑक्साइड वर जातो तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटीपेक्षा जास्त तापवणारा वायू आहे. पण मग २०२३ ला कोपनहेगन विद्यापीठातले दोघं, मॅक्स फ्रँक आणि सोरेन हस्टेड, त्यांनी एका मृदाशास्त्राच्या जर्नलमध्ये लिहिलं की या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही, आणि त्यांच्या मांडणीतही हाच वीस ग्रॅमचा मुद्दा आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात दोन वर्षं प्रयोग झाला, अर्धं नत्र नेहमीचं आणि बाकीच्या जागी नॅनो युरिया, तर गव्हाचं उत्पादन एकवीस टक्क्यांच्या वर घटलं आणि भाताचं तेरा टक्के, दाण्यातलं प्रोटीनही घटलं. इफकोला हे मान्य नाही, त्यांचं म्हणणं वापरायची पद्धत चुकली. शास्त्रात भांडणं होतातच, व्हायलाच पाहिजेत. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, की हे भांडण बाटली शेतकऱ्याच्या गळ्यात बांधायच्या आधी व्हायला पाहिजे होतं. आधी विकलं आणि मग वाद घातला, तोपर्यंत कोट्यवधी बाटल्या गेल्यासुद्धा.

तर भावाला मी म्हणलं, पोरगी काय करणार विचारतोस ना, हा हिशोब करणार. आणि हा हिशोब करणारी माणसं आपल्याकडं पाहिजेत तेवढी नाहीत.

लोकांना वाटतं पर्यावरणपूरक नॅनोवाला म्हणजे पांढरा कोट घालून काहीतरी बारीक बारीक बनवणारा. बनवणं हा अर्धाच भाग, आणि तो आपल्याला छान जमतो. पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांनी २००० नंतरच्या चारपाच वर्षांत जे काम केलं ते आजही जगभर सांगितलं जातं. चांदीचे नॅनो कण करायचे तर नेहमीच्या रीतीला सोडियम बोरोहायड्राइडसारखी जहाल केमिकलं लागतात, यांनी काय केलं तर चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुरशी सोडली, आणि बुरशीनं स्वतःच चांदीचे कण करून दिले, आणि बुरशी कुठली तर फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम. आता शेतकरी वाचक हसतील. आपल्या हरभऱ्याला मर रोग लावते तीच जात! ज्या बुरशीनं आमचं अर्धं रान वाळवलं ती पुण्यात चांदी पाडत होती. २००४ मध्ये तर गवती चहाच्या अर्कातून त्यांनी सोन्याचे त्रिकोणी नॅनो कण काढले, चहात टाकतो तोच गवती चहा, शिवाय कडुनिंबाच्या पाल्याचाही अर्क वापरला. ऐकायला आजीच्या बटव्यासारखं वाटतं पण काम पक्कं केमिस्ट्रीचं आहे, पाल्यातली द्रव्यं धातूला इलेक्ट्रॉन देतात आणि वर तीच कणाला चिकटून त्याला गुठळी होऊ देत नाहीत. मी वर्गात रिडक्शन शिकवताना हे उदाहरण देत असे, पोरं नंतर घरी जाऊन गवती चहात काय काय टाकून बघायची ते सोडा.

पण इथंच फसायला होतं. गवती चहातून बनवलं म्हणजे ते हिरवं झालं, असं नाही ना. बनवायची पद्धत हिरवी झाली, बनलेला कण चांदीचाच आहे आणि चांदी जंतू मारते, म्हणून तर वापरतात. ती चांगल्या आणि वाईट जंतूंत फरक करत नाही. पायाचा वास येऊ नये म्हणून नॅनो चांदीचे मोजे निघाले होते, अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००८ मध्ये ते विकत आणून चक्क पाण्यात धुतले आणि धुण्याच्या पाण्यात चांदी मोजली. काही मोज्यांची चांदी थोड्याच धुण्यांत निघून गेली. म्हणजे गिऱ्हाइकानं पैसे दिले चांदीचे आणि चांदी गेली गटारात. मग पुढच्यांनी विचारलं, गटारातून सांडपाण्याच्या प्लँटमध्ये गेल्यावर काय होतं, तिथं तर जंतूच पाणी साफ करतात, त्यांना मारलं तर? तपासल्यावर कळलं की तिथल्या गंधकाशी मिळून चांदीचं बहुतेक सिल्व्हर सल्फाइड होतं (घरातला चांदीचा पेला काळा पडतो ना, ते हेच), आणि ते बरंच कमी विषारी. बघा, भीती होती ती पूर्ण खरी नव्हती आणि पूर्ण खोटीही नव्हती. हे कळलं कशामुळं, तर कुणीतरी मोजे धुतले, कुणीतरी गाळ तपासला. माझ्या मते खरा तज्ज्ञ तो जो माल विकून झाल्यावर त्याच्या मागं मागं गटारापर्यंत जातो.

अजून एक सांगतो, कार्बन नॅनोट्यूबचं. केसाच्या हजारो पट बारीक नळ्या, वजनाला हलक्या, पोलादापेक्षा मजबूत, सगळे खूश होते. एडिनबरोच्या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांवर बघितलं की लांब आणि ताठ नळ्या शरीरात गेल्या तर ॲस्बेस्टॉससारखी सूज धरते, आखूड किंवा गुंता झालेल्या नळ्यांनी तसं होत नाही. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत हे कळायला किती कामगारांची फुप्फुसं गेली, आणि इथं कारखाने वाढायच्या आधी कुणीतरी ओरडून सांगितलं, आणि नुसतं घाबरवलं नाही, नळी आखूड ठेवा हा रस्ताही दाखवला. अशी माणसं कंपनीला आवडत नाहीत, पण नंतर कंपनीचे कोर्टातले पैसे तीच वाचवतात.

मातीचं बघायचं तर गांडुळांवर टेस्ट असते. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेची पद्धत आहे, मातीत माल मिसळायचा, गांडुळं सोडायची, चौदा दिवसांनी किती जगली मोजायची. गांडूळ कुठलं वापरतात तर आयसेनिया फेटिडा, म्हणजे आपल्याकडं बेडवर खत करायला आणतो तेच. आमच्या गोठ्यामागं चार बेड आहेत. आता गांडूळखत विकणाऱ्या शेतकऱ्याला तुम्ही गांडूळ मेलं का जगलं हे विचारलं तर तो लगेच सांगेल, पण तेवढंच पुरत नाही, ती पिल्लं घालतात का, वजन घटतं का, अंगात धातू साठतो का, हे बघायला वेगळं शिक्षण लागतं. त्यात नॅनो कणाची अडचण अशी की मातीत पडल्यावर तो तसाच राहत नाही, गुठळी होते, सेंद्रिय पदार्थ चिकटतात, विरघळतो, म्हणजे आज टाकलेला आणि महिन्यानं असलेला कण एकच नाही. माझ्यासारख्या जुन्या केमिस्ट्रीवाल्याच्या डोक्याबाहेरचं काम आहे हे, मी कबूल करतो.

चांगली उदाहरणं नाहीत असं नाही. मद्रास आयआयटीचे टी. प्रदीप, त्यांना २०२० ला पद्मश्री मिळाली. पश्चिम बंगालमध्ये बोअरच्या पाण्यात आर्सेनिक, मर्यादा काय तर लिटरला १० मायक्रोग्रॅम, त्यापेक्षा जास्त वर्षानुवर्षं प्यायलं की कातडीवर डाग आणि पुढं कॅन्सर. त्यांनी लोखंडाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे अतिबारीक कण कायटोसानमध्ये बसवून फिल्टरचा माल केला, कायटोसान म्हणजे कोळंबीच्या टरफलातून निघतं ते, आणि हे सगळं पाण्यातच, खोलीच्या तापमानाला, भट्टी नाही का काही नाही. अमृत नाव दिलंय. मला यातलं जास्त आवडलं ते हे की फिल्टरचा माल वापरून संपल्यावर त्यातलं आर्सेनिक परत सुटतं का हेही त्यांनी बघितलं. कारण नाहीतर काय होईल, पाण्यातून विष काढून उकिरड्यावर टाकायचं आणि पावसानं ते परत पाण्यात. आपल्या पुण्यातही टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर काम झालं होतं, त्यावर चांदीचे नॅनो कण बसवून २००९ च्या डिसेंबरात टाटा स्वच्छ हा पाण्याचा फिल्टर आला, हजाराच्या आत, विजेशिवाय. तुसाची राख फुकटची, कल्पना झकास. फक्त तीन हजार लिटरनंतर त्यातला जो गाळणारा बल्ब काढून टाकायचा तो घंटागाडीत जातो आणि पुढं कुठं, हा प्रश्न मी तेव्हा वर्गात विचारायचो, आता पोरीला विचारला.

आणि शेतीत नॅनो नकोच असंही माझं म्हणणं नाही. आघारकर संशोधन संस्थेत, पुण्यातच, किशोर पाकणीकर आणि त्यांच्या टीमनं गव्हावर झिंक आणि कायटोसानच्या नॅनो कणांची फवारणी करून दाण्यातलं झिंक वाढवायचं काम केलं. आता इथं बघा हिशोब बसतो. झिंक पिकाला लागतंच मुळात ग्रॅममध्ये, त्यामुळं थोडक्यात जास्त काम हा मुद्दा पटतो. नत्र लागतं किलोत. सूक्ष्म अन्नद्रव्याला जे लागू ते मुख्य अन्नद्रव्याला लागू नाही, एवढी साधी गोष्ट सांगायला बाटली निघायच्या आधी टेबलावर कुणीतरी बसलेलं असतं तर? बसलेलं असेलही, बोललं नसेल, किंवा बोललेलं कुणी ऐकलं नसेल.

द्राक्षवाल्यांना २०१० आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपण सीसीसी म्हणतो, वेलीची वाढ थोपवायला सगळेच फवारत होते, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. युरोपातल्या लॅबनं द्राक्षांत उरलेलं ते शोधलं, कंटेनर अडकले, एका हंगामात माणसं कर्जात बुडाली. माल आपला, पाणी आपलं, फवारणारे आपण, आणि मोजणारा मात्र सात समुद्रापलीकडचा. उद्या नॅनो कॉपर नाहीतर नॅनो सिल्व्हरच्या नावानं कुणी तेच केलं तर? द्राक्षाच्या भागातल्या दुकानांत आज नॅनो लिहिलेल्या बाटल्या मोजा, आणि त्यातल्या कितींवर कणाचा आकार लिहिलाय तेही बघा. युरोपात कॉस्मेटिक्समध्ये नॅनो माल असेल तर २०१३ पासून घटकांच्या यादीत त्यापुढं कंसात नॅनो असं छापावं लागतं, आणि जो टायटॅनियम डायऑक्साइड गोळ्याचॉकलेटं पांढरी करायला वापरत होते तो २०२२ मध्ये त्यांनी खाण्यातून बंदच केला. तिकडं नॅनो शब्द छापणं म्हणजे गिऱ्हाइकाला सावध करणं, इकडं नॅनो शब्द छापला की भाव वाढतो.

नियम आपल्याकडंही निघालेत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०२० मध्ये शेती आणि खाद्यपदार्थांतली नॅनो उत्पादनं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, चांगली आहेत, आकार किती, विषारीपणा किती, पर्यावरणात जातं कुठं, सगळं त्यात आहे. पण मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, आणि कागद वाचून माल तपासणारा माणूस लागतो. नत्र मोजायला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही जमायचं, केल्डाल पद्धत, एका दुपारचं काम. कणाचा आकार बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, नाहीतर लेझरचा प्रकाश कणांवर टाकून मोजणारं मशीन लागतं, ते चालवणारा लागतो, आणि त्याहून महत्त्वाचं, निकाल आल्यावर हे चुकीचं आहे असं लिहून खाली सही करणारा लागतो. तालुक्याच्या कृषी कार्यालयात बाटलीचा नमुना घेतात तेव्हा साहेब तरी काय करणार, लेबल वाचणार आणि सील करणार.

म्हणून तुमच्या पेपरातून कृषी खात्याला आणि राहुरीच्या विद्यापीठाला एवढंच विचारायचंय की प्रत्येक नॅनो बाटलीवर एकरी किती ग्रॅम अन्नद्रव्य मिळणार हे ग्रॅममध्ये, मराठीत, ठळक छापायला काय अडचण आहे? टक्के नकोत, टक्क्यांत लपतं सगळं. आणि कंपनीच्या पैशातून न झालेली, आपल्या मातीत, काळ्या रानात आणि मुरमाड रानात, दोनतीन हंगामांची चाचणी झाल्याशिवाय बाटली दुकानात येऊ नये, आणि चाचणीत उत्पादन घटलं असेल तर तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावं. लिंकिंगचं तर काय बोलावं. जो माल खरंच कामाचा आहे तो शेतकरी रांग लावून नेतो, ठिबकला कुणी लिंकिंग केलं होतं?

विद्यापीठांत नॅनो शिकून बाहेर पडणारी पोरं आहेत, पण त्यातली कितीतरी शेवटी औषध कंपनीत पॅकिंग नाहीतर सेल्सला लागतात, हे माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकलंय. केंद्रानं २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू केलं, मशीनं आली, पेपर छापून आले, पेपरांच्या संख्येत आपण जगात वरच्या नंबरात आहोत. त्या पोरांना खत आणि औषधं तपासणाऱ्या लॅबमध्ये, प्रदूषण मंडळात, कृषी विज्ञान केंद्रात जागा काढा. एका जिल्ह्याला एक माणूस दिला तरी खूप झालं.

असो. भावानं फॉर्मवर सही केली, जरा कुरकुर करूनच. पहिल्या बाटलीचं सील पोरीनं फोडू दिलं नाही, कपाटात ठेवलीय, म्हणते डिपार्टमेंटला मशीन मिळालं की कण मोजणार. दुसरी मी लेबलवर सांगितल्याप्रमाणं उसाच्या चार सऱ्यांना मारली, शेजारच्या चार सऱ्यांना साधं पाणी, आणि त्यापुढच्या चारला दोन टक्के युरिया. खुंट्या ठोकून चिठ्ठ्या लावल्यात, एक चिठ्ठी शेळीनं खाल्ली, परत लावली. तोडणी वेळेवर आली तर तिन्हीचं वजन वेगवेगळं करून तुम्हाला कळवीन, छापायचं का नाही तुम्ही ठरवा.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक आणि ऊस उत्पादक,
जि. सांगली